फुलांच्या मुळाशी राखणदार

फूल सहसा कोणी खात नाही. या साध्या गोष्टीचा एक परिणाम फारसा लक्षात येत नाही. टोमॅटो, भेंडी, द्राक्षे यांच्यावर कीडनाशकाचा किती अंश उरलेला चालेल, याच्या मर्यादा ठरलेल्या आहेत. द्राक्षाची पेटी युरोपात उतरायची तर तिच्या नमुन्याला प्रयोगशाळेतून पास व्हावे लागते. गुलाबाच्या गुच्छाला अशी मर्यादा नाही. उलट ग्राहकाला फूल निर्डाग लागते. पाकळीवर एक तपकिरी ठिपका दिसला तरी भाव पडतो. मग फुलशेतीत बुरशीनाशकाचा हात सैल सुटला तर नवल नाही. तेच फूल हारातून गळ्यात येते, गजऱ्यातून केसांत जाते, आणि फुलवाल्याच्या हातांत तर दिवसभर असते.

बेल्जियममधील लिएज विद्यापीठाच्या संशोधकांनी गुलाब, जरबेरा आणि शेवंतीचे ९० गुच्छ बाजारातून आणून तपासले. त्यांत मिळून १०७ वेगवेगळी कीडनाशके सापडली. एकेका गुच्छावर सरासरी दहाच्या आसपास. नंतर त्यांनी २० फुलविक्रेत्यांना सुती हातमोजे घालून गुच्छ बांधायला सांगितले. त्या हातमोज्यांवर १११ रसायनांचे अंश मिळाले, आणि बुरशीनाशके त्यांत ठळकपणे होती. घरी चार फुले आणणाऱ्याने यामुळे घाबरून जाण्याचे कारण नाही. पण जे हात रोज शेकडो देठ सोलतात, त्यांचा प्रश्न वेगळा आहे. (बाजारातल्या पॉलिहाउसच्या गुलाबांचा गुलकंद मात्र कोणी करू नये.)

याहून गंभीर गोष्ट पाकळीवर दिसत नाही, ती हवेतून येते. ॲस्परजिलस फ्युमिगेटस नावाची एक बुरशी आहे. ती झाडांना रोग करत नाही. कुजणाऱ्या पालापाचोळ्यावर जगते. तिचे बीजाणू हवेत सगळीकडे असतात आणि आपण ते रोज श्वासातून आत घेतो. धडधाकट माणसाचे फुप्फुस त्यांचा निकाल लावते. रक्ताच्या कर्करोगावर उपचार घेणारे, अवयव प्रत्यारोपण झालेले, किंवा जुन्या क्षयामुळे फुप्फुसात पोकळी राहिलेले रुग्ण यांच्यात मात्र ही बुरशी ठाण मांडू शकते. क्षयाचा भार मोठा असलेल्या आपल्या देशात ही शेवटची अवस्था दुर्मीळ म्हणता येणार नाही. तिच्यावरचा मुख्य उपाय म्हणजे ॲझोल गटातील औषधे, त्यातही वोरिकोनॅझोल.

नेदरलँड्समधील डॉक्टरांना गेल्या शतकाच्या अखेरीपासून एक विचित्र गोष्ट दिसू लागली. ज्या रुग्णांनी आयुष्यात कधी ॲझोल औषध घेतले नव्हते, त्यांच्यातही या औषधांना दाद न देणारी बुरशी सापडत होती. मग ती ही ताकद शिकली कुठे? माग शेताकडे गेला. पिकांवर फवारली जाणारी टेब्युकोनॅझोल, डायफेनोकोनॅझोल यांसारखी बुरशीनाशके आणि रुग्णालयातली ॲझोल औषधे एकाच घराण्यातली. बुरशीच्या पेशीत दोघांचे लक्ष्य एकच. त्या देशात ट्युलिपचे कंद लावणीपूर्वी अशा द्रावणात बुडवून काढतात. वाया गेलेल्या कंदांचे आणि पाल्याचे ढीग कुजत पडतात. औषधाचा अंश असलेला हा उबदार कचरा म्हणजे या बुरशीची शाळाच. २०१७ मध्ये आयर्लंडच्या संशोधकांना नेदरलँड्सहून आलेल्या, दुकानात विकल्या जाणाऱ्या कंदांवर अशी औषधरोधक बुरशी मिळाली. दिल्लीच्या संशोधकांनी २०१२ मध्येच भारतातील भातखाचरे, चहाचे मळे आणि फुलांच्या कुंड्यांतल्या मातीतून ती वेगळी केल्याचे प्रसिद्ध केले होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये माणसाला धोकादायक बुरशींची यादी केली, तिच्या पहिल्या, अतिगंभीर गटात ॲस्परजिलस फ्युमिगेटस आहे.

सगळा दोष फुलांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. ॲझोल गहू, भात, द्राक्षे यांवरही वापरतात. पण जे पीक पोटात जात नाही, त्यासाठी माणसाच्या औषधाची धार बोथट करणे हा व्यवहार महागाचा आहे. म्हणूनच फुलांच्या बुरशीरोगांवर मातीतल्याच उपयोगी सूक्ष्मजीवांना कामाला लावण्याच्या प्रयत्नांकडे आरोग्याच्या अंगानेही पाहायला हवे.

हे प्रयत्न समजून घ्यायला कार्नेशनचा मर रोग चांगला. तळेगाव, मावळ भागात किंवा राज्यात इतरत्र पॉलिहाउसमध्ये कार्नेशन लावणारा कोणीही शेतकरी हे नाव ऐकून गंभीर होतो. फ्युजेरियम ऑक्सिस्पोरम ही बुरशी मुळातून शिरते आणि पाणी वर नेणाऱ्या नलिकांत वाढते. आधी रोपाची एकच बाजू पिवळी पडते, फांदी एका अंगाला वाकते, मग सगळे रोप वाळते. खोड आडवे कापले तर आत तपकिरी कडे दिसते. एकदा ती नलिकेत पोचली की फवारणीचा फारसा उपयोग नसतो. रोप उपटले तरी तिचे जाड कवचाचे बीजाणू मातीत वर्षानुवर्षे वाट पाहत राहतात.

यावर जुना उपाय होता मातीच निर्जंतुक करण्याचा. जगभर त्यासाठी मिथाइल ब्रोमाइड वायू वापरला गेला. तो ओझोनचा थर विरळ करतो म्हणून माँट्रियल कराराखाली विकसित देशांनी २००५ पर्यंत आणि विकसनशील देशांनी २०१५ पर्यंत शेतीतला त्याचा वापर बंद करायचा ठरले. आपल्याकडे गादीवाफे फॉर्मॅलिनने धुऊन काढण्याची पद्धत पडली. या उपायात एक मेख आहे. निर्जंतुक केलेली माती ही रिकामी केलेली वस्ती असते. तिथे पहिला जो येईल त्याला खायला मुबलक आणि अडवायला कोणी नाही. कलमासोबत, बुटाच्या तळाला किंवा पाण्यातून फ्युजेरियम परत आले, तर त्या मातीत ते पूर्वीपेक्षा वेगाने पसरते.

नेमके उलटे चित्र काही ठिकाणी निसर्गातच दिसले. दक्षिण फ्रान्समधील शातोरेनार परिसरात फ्युजेरियम मातीत असूनही खरबुजाला मर लागत नव्हती. तिथली माती तापवली की तिचा हा गुण जाई, आणि त्या मातीचा थोडा भाग दुसऱ्या मातीत मिसळला की तिथे तो येई. म्हणजे गुण जिवंत गोष्टीचा होता. शोधाअंती त्यातला एक मोठा वाटेकरी निघाला तो फ्युजेरियम ऑक्सिस्पोरमच, पण रोग न करणारा! दिसायला तोच, राहायला त्याच जागी, खायला तेच. फक्त झाडाच्या नलिकांत उपद्रव करण्याची क्षमता नाही. मुळांभोवतीचे अन्न आणि शिरण्याच्या जागा हा गरीब भाऊबंद आधीच अडवून बसतो. इटलीतील अल्बेंगा परिसरातल्या मातीतूनही असेच निरुपद्रवी भाऊबंद वेगळे करून ते कार्नेशनच्या मर रोगावर आजमावले गेले.

बाजारात मिळणाऱ्या सूक्ष्मजीवांत आपल्याकडे सर्वांत ओळखीचे नाव ट्रायकोडर्माचे. ही हिरवट बीजाणूंची बुरशी जवळजवळ प्रत्येक जिवंत मातीत असते. रिचर्ड वाइंडलिंग हे शास्त्रज्ञ अमेरिकेत लिंबूवर्गीय रोपांच्या रोपमरीवर काम करत असताना त्यांनी तिचा स्वभाव ओळखला आणि १९३२ मध्ये प्रसिद्ध केला. ट्रायकोडर्माचा धागा रोगकारक बुरशीच्या धाग्याला वेलीसारखा वेटोळे घालतो, कायटिन विरघळवणारी विकरे सोडतो आणि भोके पाडून आतला रस घेतो. अळिंबीचे उत्पादक मात्र याच बुरशीला शिव्या देतात, कारण अळिंबीही बुरशीच आहे आणि ट्रायकोडर्माला पंक्तिभेद कळत नाही.

सूक्ष्मदर्शकाखालची ही कुस्ती पाहायला रंजक असली तरी कामाचा मोठा भाग तिच्याविनाच होतो. ट्रायकोडर्मा झपाट्याने वाढतो आणि मुळांभोवतीची जागा व्यापतो. मुळाच्या वरच्या थरांतही तो थोडा शिरतो, आणि झाड त्याची चाहूल घेऊन सावध होते.

हे सावध होणे म्हणजे काय, याचा एक सुंदर पुरावा कार्नेशननेच दिला. नेदरलँड्समध्ये बार्न या गावी वनस्पती रोगांवर काम करणारी एक जुनी प्रयोगशाळा होती. त्या देशातल्या पहिल्या महिला प्राध्यापक योहाना वेस्टरडाइक यांनी ती अनेक दशके चालवली. तिथल्या संशोधकांकडे गव्हाच्या मुळांवरून मिळालेला स्यूडोमोनास जातीचा एक जिवाणू होता. तो मर रोग कमी करतो हे दिसत होते. प्रश्न होता कसा? स्यूडोमोनास लोहाच्या स्पर्धेत तरबेज असतात. मातीत लोह भरपूर असले तरी विम्ल मातीत, जसे आपल्या काळ्या जमिनीत, ते विरघळत नाही. हे जिवाणू लोह पकडणारा एक रेणू बाहेर सोडतात आणि बुरशीच्या तोंडचा घास पळवतात. तो रेणू अतिनील प्रकाशात पिवळा-हिरवा चमकतो. पाकिटावरच्या 'फ्लुओरेसन्स' या शब्दाचे मूळ तेच. मग मर रोग थांबतो तो एवढ्यामुळेच का?

ते तपासायला त्यांनी दोघांची भेटच होऊ दिली नाही. जिवाणू दिले मुळांना, आणि नंतर फ्युजेरियम टोचले थेट खोडात. जिवाणू मुळांपाशीच राहिले, खोडात सापडले नाहीत. ना अन्नाची स्पर्धा, ना लोहाची, ना समोरासमोर मारामारी. तरीही जिवाणू मिळालेल्या रोपांत मर कमी झाली, आणि खोडात रोग टोचल्यावर त्या रोपांनी बुरशीरोधक द्रव्ये इतरांपेक्षा जास्त साठवली. १९९१ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मुळाशी बसलेल्या जिवाणूने झाडाला आतून जागे केले होते. त्याच वर्षी काकडी आणि घेवड्यावरही असेच निरीक्षण इतरांनी नोंदवले, आणि वनस्पतींच्या प्रतिकारशक्तीचे एक नवे दालन उघडले.

पुढच्या संशोधनात या निरोपाचा मार्गही उलगडला. त्यात जॅस्मोनिक आम्ल नावाच्या संप्रेरकाची भूमिका आहे. त्याचे एक भावंड रसायनशास्त्रज्ञांना १९६२ मध्ये चमेलीच्या अत्तरात मिळाले होते. जे माणसाने सुगंध म्हणून हुंगले, ते झाडांच्या दुनियेत धोक्याच्या घंटेच्या कामी येते.

बार्नच्या प्रयोगातली एक बाब शेतकऱ्याने जास्त लक्षात ठेवावी. ज्या कार्नेशनमध्ये मुळात थोडीफार प्रतिकारशक्ती होती त्यात परिणाम स्पष्ट होता. रोगाला सहज बळी पडणाऱ्या जातीत तो फिका होता. जिवाणू झाडाला जागे करतो, नसलेले बळ देत नाही. जातीची निवड चुकली तर पाकिटातली पावडर ती चूक निस्तरत नाही.

जमिनीखाली हे सगळे बऱ्यापैकी जमते, कारण तिथे ओल असते, सावली असते. पानांवर आणि पाकळ्यांवर सूक्ष्मजीवांचे हाल होतात. गुलाबावरच्या भुरीचे उदाहरण घ्या. ॲम्पेलोमायसिस नावाची एक बुरशी भुरीच्या धाग्यांच्या आत शिरून तिथेच आपली बीजे धरते. भुरीला झालेला रोगच म्हणा ना. परदेशात तिची तयार उत्पादनेही निघाली. पण तिला काम करायला हवेत भरपूर दमटपणा लागतो, आणि भुरी तर कोरड्या दिवसांतही फोफावते. दमटपणा मुद्दाम वाढवावा तर त्याच पॉलिहाउसमध्ये केवडा आणि बोट्रायटिस डोके वर काढतात. एकाला बरे करताना दुसऱ्याला आमंत्रण, असा हा पेच आहे, आणि तो पाकिटावर लिहिलेला नसतो.

बोट्रायटिसची राखाडी बुरशी तर फुलाची खरी वैरी. काढणीच्या वेळी गुलाब स्वच्छ दिसतो, आणि पेटीतल्या ओलाव्यात प्रवासातच पाकळ्यांवर डाग उमटतात. व्हॅलेंटाइन दिनासाठी मावळातून परदेशी जाणाऱ्या फुलांना ही भीती असतेच. कॅनडा आणि ब्राझीलच्या संशोधकांनी यावर वेगळ्या बाजूने विचार केला. फुलाला वाचवण्याआधी ही बुरशी राहते कुठे ते पाहावे. ती राहते गळालेल्या पाकळ्यांवर, छाटणीच्या कचऱ्यावर. बीजाणूंचे ढग तिथूनच उठतात. त्या कचऱ्यावर क्लोनोस्टॅकिस ही उपयोगी बुरशी फवारली, तर ती मेलेल्या पानांचा ताबा घेते आणि बोट्रायटिसचे बीजाणू कमी पडतात. नाजूक पाकळीवर लढण्यापेक्षा शत्रूच्या तळावर लढणे सोपे. अर्थात कचरा रोज उचलून बाहेर नेणे याहून सोपे, आणि त्याला पाकीट लागत नाही.

आता आपल्याकडचा व्यवहार. ट्रायकोडर्मा आणि स्यूडोमोनास ही उत्पादने १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली नोंदवावी लागतात, आणि ट्रायकोडर्माच्या पावडरीत ग्रॅममागे किमान २० लाख जिवंत घटक असावे लागतात. जिवंत हा शब्द महत्त्वाचा. दुकानाच्या पत्र्याखाली उन्हाळाभर तापलेले पाकीट म्हणजे बहुधा रंगीत शंखजिऱ्याची पूड. बुरशीनाशक मुदतीनंतरही थोडेफार चालेल, पण मेलेला सूक्ष्मजीव शून्य काम करतो. 'जैविकचा काही गुण येत नाही' अशी तक्रार गावोगावी ऐकू येते, तिच्यामागे पुष्कळदा असे मेलेले पाकीट असते. उरलेल्या वेळा कारण वेगळे असते. ट्रायकोडर्माची आळवणी केली आणि चार दिवसांनी त्याच वाफ्यात कार्बेन्डाझिम ओतले, तर राखणदार आणि चोर दोघेही गारद होतात. ठिबकमधून क्लोरीनचे पाणी सोडून लगेच जिवाणू सोडणे हाही तसाच प्रकार.

त्याहून मोठी गफलत वेळेची. रोप कोमेजल्यावर ट्रायकोडर्मा आठवतो. तो औषध नाही, पहारा आहे. चोरी झाल्यावर नेमलेला पहारेकरी गेलेला माल आणत नाही. त्याची जागा लावणीच्या आधी. कृषी विद्यापीठे आणि कृषी विज्ञान केंद्रे सांगतात ती रीत सोपी आहे. एक किलो ट्रायकोडर्मा शंभर किलो चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळायचा, सावलीत ढीग करून ओल टिकवायची, झाकून ठेवायचा आणि तीन-चार दिवसांनी एकदा खालीवर करायचा. आठवड्याभरात खतावर हिरवट झाक येते. मग ते खत वाफ्यात. बरोबर निंबोळी पेंड घातली तर चालते. फॉर्मॅलिनने वाफे धुतले असतील तर वायू पूर्ण निघून गेल्यावर हे खत घालण्यात विशेष शहाणपण आहे. रिकामी वस्ती आपल्या माणसांनी आधी भरायची. जरबेऱ्याच्या मूळकुजीतही हाच क्रम, मात्र तिथे रोपाचा गड्डा मातीत खोल गाडला असेल किंवा वाफ्यातून पाणी निघत नसेल, तर कुठलाही सूक्ष्मजीव हात टेकतो. मूळकूज करणारी फायटोफ्थोरा शास्त्राच्या भाषेत खरी बुरशीही नाही, शेवाळांच्या दूरच्या नात्यातली आहे, म्हणून बुरशीवरची अनेक रसायनेही तिच्यावर चालत नाहीत.

गॅलरीत शेवंतीच्या आणि गुलाबाच्या चार कुंड्या असणाऱ्यालाही हे करता येते. माती बदलताना मूठभर असे खत मिसळावे, संध्याकाळी पाणी द्यावे, कुंडीच्या तळाचे भोक मोकळे ठेवावे. पाकीट घेताना तयार केल्याची तारीख, मुदत, नोंदणी क्रमांक आणि जिवंत घटकांची संख्या पाहावी. यांपैकी एकही नसेल तर ते तिथेच ठेवावे. हे सूक्ष्मजीव सहसा माणसाला अपाय करत नाहीत, पण कोरडी पावडर उडवताना नाकातोंडावर फडके हवेच. ज्यांची प्रतिकारशक्ती औषधांनी दाबलेली आहे, ज्यांचे प्रत्यारोपण झाले आहे किंवा केमोथेरपी चालू आहे, त्यांनी हे काम, आणि खरे तर कुंडीतली माती उकरण्याचे कुठलेही काम, घरातल्या दुसऱ्या कोणावर सोपवावे. अशा रुग्णांत ट्रायकोडर्माचाही संसर्ग झाल्याच्या तुरळक नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत.

सूक्ष्मजीवांनी बुरशीनाशके पूर्ण हद्दपार होतील असे आज तरी दिसत नाही. पावसाळ्यात केवडा पॉलिहाउसमध्ये शिरला की उत्पादक रसायनाचाच डबा उघडतो, आणि त्याच्या जागी दुसरा कोणी असता तर त्यानेही तेच केले असते. शक्य आहे ते एवढे की मुळांचे रोग बऱ्याच अंशी या राखणदारांवर सोपवावेत, फवारण्यांची संख्या उतरवावी, ॲझोल अगदी अडल्याशिवाय वापरू नये, आणि वापरलाच तर फवारलेल्या झाडांची छाटणी बांधावर कुजत टाकू नये.